फळीवरची काजळी

बुधवार, १२ जानेवारी १९७२. भिंगार

आई गेली! कोपरगावच्या एसटीत मीच बसवून दिली. आता थोरल्या लेकीकडे, मेरीताईकडेच राहीन म्हणाली. काल ती माझ्या मागच्या खोलीत पुन्हा शिरलेली दिसली आणि मी तोंड सोडलं — ‘माझ्या बाटल्यांना हात लावायचा नाही, किती वेळा सांगायचं?’ ती एवढंच म्हणाली, ‘धूळ पुसत हुते रं, यशया.’

मिशनच्या दवाखान्यात औषधाच्या बाटल्या सांभाळण्यात जन्म गेला तिचा. आणि मी तिला शिकवतो! लाज वाटते.

गुरुवार, १३

घर खायला उठतं. भाकरी करपली.

रंगाच्या कारखान्यात मात्र माझा उदोउदो! काजळी टर्पेंटाइनमध्ये कितीही घोटा, दोन दिवसांत तळाला बसते. घरी मागच्या खोलीतल्या माझ्या फळीवरच्या बाटलीत महिना झाला तरी वरपासून खालपर्यंत एकसारखी काळी. एरंडेलाचा साबण घातलाय — धुरासारख्या बारीक कणांना तो लपेटून बसतो, एकमेकांना चिकटू देत नाही. साहेब म्हणाले, ‘लष्कराला जायचे रंगाचे डबे याच कृतीनं भरू. तुला कायम करतो.’

ही बातमी पहिल्यांदा आईला सांगायची होती.

सोमवार, १७

बाटलीच्या तळाशी गाळ! वर नुसतं चहासारखं. असं कसं?

मंगळवार, १८

शुक्रवारी नवी बाटली भरली होती, तीही बसली. थंडीमुळे? साबण कमी पडला? तिकडे डबे भरणं चालूच आहे. साहेबांसमोर जायची हिंमत होत नाही. ‘आधी जेव, मग डोकं चालंल’ असं आई म्हणाली असती. ओरडलो नसतो तर काय बिघडलं असतं माझं?

शनिवार, २२

बाटलीचं राहू दे. उद्या कोपरगावला जाऊन आईची माफी मागतो.

रविवार, २३. कोपरगाव

माफी मागितली. तिनं चहाचा कप हातात दिला आणि पहिलंच विचारलं, ‘ती बाटली हालवतोस का न्हाई रं? खाली बसतंय ते. तू कामावर गेलास की मी रोज हालवायचे, दवाखान्यातल्यावानी. तू वरडशील म्हनून बोलले न्हाई.’

चहा हातातच राहिला. डबे उद्या पुण्याला निघणार. त्याआधी साहेबांना सांगायला हवं — साबण नव्हे, आई! कायम होणं गेलंच.

ती पिशवी भरायला लागली. ‘येते मी संगं. हालवायला कुनीतरी पायजेच की.’

‘चल’ म्हणालो.