नकाशातली रिकामी इमारत

शनिवार, संध्याकाळचे साडेसात

आज कॉलेजात अभिरूप न्यायालयाची स्पर्धा झाली. दोन काल्पनिक देशांच्या युद्धाचा खटला मीच रचला होता. नकाशाही माझाच. कंटाळा केला आणि मार्केट यार्डाजवळची आमचीच गल्ली उतरवून काढली, नावं तेवढी बदलली. कोपऱ्यावरचं हॉस्पिटल, त्याला लागून आमची इमारत. इमारतीवर ‘रिकामी’ असं लिहिलं. का लिहिलं? माणसं घातली की खटला लांबतो, म्हणून.

नियमाप्रमाणे प्रत्येकाने सकाळी एक बाजू मांडायची, दुपारी नेमकी उलटी. सकाळी माझी विद्यार्थिनी सायली म्हणाली, हॉस्पिटलवरचा हल्ला हा युद्धगुन्हाच आहे. मला पटलं. जेवणानंतर तीच सायली, त्याच शांत आवाजात: तिथे शस्त्रं लपवली होती, म्हणून हॉस्पिटलचं कायदेशीर संरक्षण गेलं, आधी इशाराही दिला होता. कायदा तोच, कलमं तीच. मला तेही पटलं!

न्यायाधीशाच्या खुर्चीतून मी विचारलं, “आणि शेजारच्या इमारतीतली माणसं?”

तिने नकाशावर आमच्या घरावर बोट ठेवलं. “मॅडम, ती रिकामी आहे. आपणच तसं लिहिलंय.”

दोन्ही वेळा तिला पैकीच्या पैकी गुण दिले मी. काय करणार, चूक कुठे होती?

घरी आल्यापासून खिडकीशी बसून आहे. रस्त्यावरच्या उजेडातच हे लिहितेय. ते बोट डोळ्यांपुढून हटत नाही. किती अलगद ठेवलं होतं तिने.

आत्ता हे आले. चपला काढता काढता म्हणाले, “अगं, दिवा तरी लावायचास. खालून पाहिलं तर घर रिकामंच वाटलं.”