पहिली मूठ

मळमड्डी, धारवाड
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

सौ. अश्विनीताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी फक्त हो-नाही करते अशी तुझी तक्रार, म्हणून हे पत्र. आई-अप्पा बरे आहेत. आईच्या गुडघ्याला तेल लावायचं काम माझ्याकडे आलं आहे आणि ते तुझ्यासारखं जमत नाही, हे ती रोज सांगते. तारिहाळच्या कारखान्यात मला बढती मिळाली. झडपांच्या तपासणीत केसाएवढी चूक सापडली, तरी अख्खी पेटी परत पाठवायचा अधिकार आता माझा आहे. सांगलीला तुझ्या सासूबाईंना हे सांगितलंस तर त्यांना पेटी म्हणजे आंब्याची वाटेल, तेवढं नीट समजाव.

हुबळीला अंबूआत्याच्या चटण्यांचं दुकान जोरात आहे. तिच्या मुलाच्या, निखिलच्या बायकोने, दीपश्रीवहिनीने, दुकानाच्या व्हॉट्सॲपला एआयचा मदतनीस जोडला. गिऱ्हाईक कन्नडात विचारो की मराठीत, तो क्षणात उत्तर देतो. आत्या दुपारची झोपते आणि उठेपर्यंत चाळीस जणांचं समाधान झालेलं असतं. आल्यागेल्याला ती सांगते की आमची दीपश्री म्हणजे विचारू नका. दोन वर्षांपूर्वी मी हेच सुचवलं होतं, अगदी आकृत्या काढून. तेव्हा आपला काय कारखाना आहे का, म्हणून हसली होती. गेल्या रविवारी माझ्यासमोर म्हणाली की शिक्षण सगळ्यांचंच झालंय, पण उपयोग करावा तो दीपश्रीने. मला राग नाही. मी फक्त नोंदवते आहे.

काल मी त्या मदतनिसाची परीक्षा घेतली. माझा नंबर आत्याच्या फोनमध्ये आहे, म्हणून ऑफिसच्या फोनवरून. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी विचारलं, मला शेंगदाण्याचा त्रास आहे, जवसाची चटणी खाऊ का? उत्तर आलं, हो, निर्धास्त खा, यात शेंगदाणे अजिबात नाहीत.

ताई, तुला पहिली मूठ आठवते ना? सकाळी कांडपाच्या मशीनमध्ये आधी भाजलेल्या शेंगदाण्यांची एक मूठ. लोखंडाला तेल लागतं, आदल्या दिवशीच्या मिरचीचा ठसका उतरतो, मग खरा माल. ती मूठ कुणी बाहेर काढत नाही, पहिल्या चटणीत जाते. आणि बहुतेक दिवस पहिली चटणी जवसाची असते. आत्याला मुलगी नाही म्हणून सुटीच्या दिवशी ती मूठ माझी. अजूनही रविवारी मीच टाकते. वहिनींना कुणी टाकायला सांगितलेलं नाही. त्यांनी पाकिटावरची यादी मदतनिसाला दिली, आणि मूठ कुठल्याच यादीत नाही.

उत्तराचा फोटो ठेवला आहे. २३ तारखेला दुकानाला पंचवीस वर्षं होतात, सगळे जेवायला जमतील. तेव्हा दाखवीन. दहा दिवसांत नेमकं हेच विचारणारं कोण येतंय?

मुलांना पापे. उत्तर लांबलचक असावं ही विनंती.
तुझी,
मीनाक्षी


सांगली
सोमवार, १७ नोव्हेंबर

चि. मीनाक्षीस,
अनेक आशीर्वाद.

बढतीबद्दल अभिनंदन. सासूबाईंना पेटी समजावली. आता त्या विचारतात की परत पाठवलेल्या पेटीचं कारखानावाले करतात काय.

तुझं पत्र आजच मिळालं आणि वाचून लगेच दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मीटिंगमध्ये आहे म्हणालीस, आणि मग निरोप पाठवलास, पत्र लिही! घे, लिहिते.

मीनू, तू जळतेस. राग नाही, नोंदवते आहे म्हणे! माझं लग्न ठरलं तेव्हा मला आलेल्या साड्यांची किंमतवार यादी केली होतीस, तेव्हाही फक्त नोंदवत होतीस. मला तुझं हसूच येतं, कारण आत्याच्या कौतुकासाठी आपण दोघीही भांडलो आहोत. पण या वेळी हसू येत नाही. तुझ्या कारखान्यात कुणी खराब पेटी दहा दिवस दडवून ठेवली, का तर साहेबासमोर उघडायची होती म्हणून, तर त्याला तू काय म्हणशील?

हे वाचून झालं की वहिनीला फोन कर. मीच करणार होते, पण मग तू आयुष्यभर म्हणशील की ताईने माझं नाक कापलं. म्हणून तुझ्यावर सोडते. आजच कर. पंगतीत नव्हे.

आई-अप्पांना नमस्कार. रागावू नकोस, रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी ताई,
अश्विनी


हुबळी
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चि. मीनूस,
अंबूआत्याचे आशीर्वाद.

घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून निखिलच्या हाती चिठ्ठी देते आहे.

तुमच्या मळमड्डीतल्या हेमावती टीचर तुला माहीत आहेत. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. शेंगदाणा त्यांना विषासारखा. दुकानात आल्या की मी बघूनच सांगायची, टीचर, तुम्ही लोणच्यापाशीच उभं राहा, इकडे यायचं नाही. सोमवारी डॉक्टरांनी त्यांना जवस खा म्हणून सांगितलं. त्यांनी फोनवरून विचारलं आणि आपल्या त्या मशीनने सांगितलं, निर्धास्त खा. बुधवारी सकाळी भाकरीबरोबर दोन घास खाल्ले आणि घसा सुजला. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आता घरी आल्या आहेत, धोका टळला. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, अंबूताई, मी तुम्हालाच विचारलं असं समजत होते हो. मला वर मान करवेना.

मदतनीस बंद केला. निखिल बायकोवर फार ओरडला. मीही बोलले, बोलू नये ते बोलले. ती आपल्या कन्नडात एवढंच म्हणाली, अत्ते, चार वर्षांत मला मुठीचं कुणी सांगितलं नाही. खरं आहे. सांगायची गोष्ट असते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. श्वास घेतो तसं ते.

मीनू, तू दोन वर्षांपूर्वी आली होतीस तेव्हा मी हसले. चुकले. हे काम तुझ्यासारखीचंच होतं. आता फोन, ऑर्डरी, पाकिटं, सगळं तू बघ. रविवारी जेवणाच्या वेळी सर्वांदेखत तुला देते. दीपश्री घर बघेल.

आमच्या वहिनीला, तुझ्या आईला, गव्हाचे पोहे पाठवते आहे. दादाला विचारलं म्हणून सांग. आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
अंबूआत्या


मळमड्डी
शनिवार, २२ नोव्हेंबर

ती. अंबूआत्यास,
सा. न. वि. वि.

अप्पा आज हुबळीला येत आहेत, त्यांच्याजवळ हे देते. वाचून झाल्यावर वहिनींना द्यावंस. मोठ्याने वाचलंस तरी चालेल.

बुधवारी, १२ तारखेला दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी गिऱ्हाईक असल्याचं भासवून मदतनिसाला तोच प्रश्न विचारला होता. त्याने मला तेच उत्तर दिलं. ते चूक आहे हे मला त्याच क्षणी कळलं, कारण मूठ माझ्या हातातली आहे. टीचरांनी चटणी खाल्ली ती १९ तारखेला. मध्ये सात दिवस होते. त्या सात दिवसांत मी रोज उत्तराचा फोटो उघडून पाहिला. रविवारच्या पंगतीत तो दाखवायचा होता. वहिनींचा चेहरा कसा होईल हे मी ठरवूनही ठेवलं होतं. ताईला तेवढं पत्र लिहिलं. तिने फोन केला, तो टाळला. तिचं पत्र गुरुवारी पोचलं, तोवर टीचर दवाखान्यात होत्या.

मदतनीस खोटं बोलला नाही. त्याला दिलेली यादी अपुरी होती, आणि नसलेल्या गोष्टीबद्दल तो खात्रीने बोलला. तो असंच करणार. म्हणून खाऊ का, चालेल का, औषध चालू आहे, असा प्रश्न आला की त्याने उत्तर न देता माणसाकडे द्यायला हवं, आणि आपण यंत्र आहोत हे आधी सांगायला हवं. हे मला माहीत होतं. वहिनींना विचारायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी विचारण्याजोगी वागले नव्हते.

टीचरांकडे उद्या सकाळी नऊला जाऊन हे सांगणार आहे. जवसासाठी वेगळं मशीन घेईपर्यंत पाकिटावर शेंगदाणा लिहावा लागेल. आधीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना आजच निरोप जायला हवा. मजकूर सोबत जोडला आहे. वहिनींनी तपासावा, बदलावा.

काम मला नको असं नाही. फार हवं आहे, दोन वर्षांपासून. म्हणूनच उद्या ते मला देऊ नकोस.

पोहे पोचले. रागावशील ते पोटभर रागाव, फक्त आत्या राहा.
तुझी,
मीनाक्षी


हुबळी
शनिवार संध्याकाळ

मीनाक्षी,
स. न.

मामा, तुझे अप्पा, चहाला थांबलेत तेवढ्यात लिहिते. माझं मराठी लेखन कच्चं आहे, सांभाळून घे.

तुझं पत्र अत्तेंनी मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी ऐकलं. निखिल आता तुझ्यावर ओरडायला निघाला होता, त्याला मी गप्प बसवलं. हा राग माझा आहे, तो त्याला देणार नाही.

ते सात दिवस मी विसरणार नाही. माफ केलं असं लिहिण्याइतकी मी चांगली नाही. खरं सांगू? तू काही न लिहिता काम घेतलं असतंस तर मला सोपं गेलं असतं, तुझा नुसता द्वेष करता आला असता. तू या घरात आलीस की अत्ते तुला मशीनपाशी हाक मारतात, कशासाठी ते मला आत्ता कळलं, आणि मी पाकिटं मोजत बसते. तो एआय मी का आणला असं तुला वाटतं? मला या घरात एक अशी गोष्ट हवी होती जी तुला आधी येत नव्हती.

तुझा मजकूर तपासला. एक वाक्य बदललं, कन्नडात केलं, तीनशे बारा जणांना पाठवला. सतरा जणांचे फोन आले. मी स्वतः बोलले.

उद्या नऊला टीचरांकडे मीही येते. यादी मी दिली होती, मशीन मी लावलं होतं. तू तुझं सांग, पण माझ्यानंतर. दारातून आत आधी मी जाणार. तेवढ्यात तरी माझ्या पुढे जाऊ नकोस.

घरी सर्वांना नमस्कार. लोभाचं नंतर पाहू.
दीपश्री