वाळकेश्वरचा चढ, दुपारी बारा

मेस्त्री, तांब्याच्या नळ्या एकेक कापून केलेली रेडिएटरची जाळी, पंख्याची चार पाती, पितळी झाकण आणि वरच्या टाकीचा सांधा, जो तुम्ही असतात तर नखाने खरवडून पाहिला असता, एवढं या गाडीत मी हाताने केलंय. कुणी शिकवलं नाही. तुम्हीही नाही. चिंचपोकळीच्या गाळ्यात तुम्ही काम करायचात, मी बघायचो. शंभर वर्षांची गाडी, पंप नाही. पाणी तापलं की आपसूक वर जातं, जाळीत गार होऊन खाली उतरतं. सपाटीवर कुठलीही चालते. खरं काय ते चढावर कळतं.

पंचविशीत मी अशीच एक गाडी सकाळी वाळकेश्वरला चढवून आणली आणि ऐटीत सांगितलं, "पास!" तुम्ही मानही वर केली नाहीत. "सकाळच्या गारव्यात रिकामी गाडी कोण पण चढवता रे. बारा वाजता चार माणसां घालून ने, मगे माका सांग." मला राग आला. नेली नाही. दुपारी त्या गाडीचे मालक शेटजी बायकामुलांना घेऊन निघाले, तुम्ही पुढे बसलात. वळणावर पाणी उकळलं. शेटजी झाकण उघडायला धावले, तुम्ही मध्ये हात घातलात आणि झाकण उडालं. सोललेला तळवा घेऊन गाळ्यात आलात, तेव्हा एवढंच विचारलंत, "सकाळी माणसां किती होती?" मी म्हणालो, "मी एकटाच."

आता गुडघे दुखतात, गाळ्याचं छप्पर गळतंय. या गाडीच्या मालकाला ती विकायची आहे. चढावर उकळत नाही असं मी लिहून दिलं तरच घेणारा ती घेणार आहे. माझ्या शब्दाला तेवढी किंमत आहे. काल भर बारा वाजता मालकासकट चौघांना बसवून नेली. दोनदा चढली, तिसऱ्या खेपेला त्याच वळणावर वाफ. मालक हसून म्हणतो, "अहो, इतक्या उन्हात कोण चढवणारेय हिला? करा ना सही." जाळी माझीच, चूक माझीच, आणि ती कुठेय ते सापडत नाही. सगळी पुन्हा सोडवायची. दमलोय, मेस्त्री.

हे पत्र पाठवायचं कुठे? खिळ्यांच्या डब्यात ठेवतोय. पण एक तुम्हाला सांगायलाच हवं. परवा सकाळी सहाला मी गाडी एकटाच घेऊन गेलो होतो. रिकामी. चढली. घरी येऊन कागद लिहिला, सहीसुद्धा केली. काल वळणावरून उतरल्यावर तो फाडला आणि मालकाला नाही म्हणालो. त्या एका कागदाचे तो साडेतीन लाख देत होता.