भिंतीवरचा बैल

सौंसर, पोळ्यानंतरचा मंगळवार, १९८६

सकाळीच नागपूरच्या खत कंपनीले पत्र टाकलं, भिंतींवर जाहिराती रंगवायचं काम ठेक्यानं द्या म्हणून. तिथं माझ्या ओळखीचं कोणी नाही. म्हणून लिहिलं, ‘माझा हात पाहायचा असल्यास सौंसर बसस्टँडसमोरच्या भिंतीवरचा बैल पाहावा.’

संध्याकाळी स्टँडवर गेलो तं माझा बैलच नाही! चुना मारून तिथं कोणीतरी दुसरा बैल काढला. कोणी काढला, पानठेलेवाल्यालेही माहीत नाही. अन् बैल असा, का आता मान हलवीन. लय वेळ पाहत राहिलो. असा मले जमला नसता. इथं तरी खोटं कशाले लिहू?

घरी बायकोले सांगितलं. ती म्हणते, “मंग बरंच झालं ना! सायेब हाच बैल पाहीन अन् काम देईन. तुमी कायले घाबरून राहिले?”

अन् सायेबानं पहिल्याच भिंतीपाशी म्हटलं, ‘तसाच बैल काढ,’ तं?

‘तो बैल माझा नाही’ असं कार्ड लिहिलं. खिशातच आहे अजून.

मंग अंगणातल्या भिंतीवर कोळशानं तो बैल तीनदा काढून पाहिला. तिन्ही खेपेले माझाच निघाला.