चांदीला उपाशी ठेवायचं व्हतं

बद्रीनाथ,

आधी भांडण, मंग आशीर्वाद. शेळी देतानी तू मला हे का सांगितलं न्हाई, की तुझी चांदी भूक लागली की माणसाच्या तोंडाकडं बघून ओरडते? याचा जाब तुला द्यावा लागंल.

आता आशीर्वाद. तुझा गुडघा कसा हाय? लेप लावून राह्यलास, का नुसता डबा उशाला घेऊन झोपतोस? तुझ्या बायकोची, सगुणाची, मी चौकशी केली म्हणून सांग (ती माझी करत न्हाई, तरी सांग).

मी इथं जालन्यात नातीपाशी बराबर हाय. राजनंदिनीचं जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण आता असं, की शेळीला झोपवायचं आन् त्याचा कागद लिहायचा. सुई देऊन शेळी आडवी करतात, घशातून नळी घालतात, मंग मशीनच तिच्यासाठी श्वास घेते. काचेच्या डब्यात लोहारासारखा भाता वरखाली व्हतो, त्या हवेत औषधाची वाफ सोडतात. वाफ कमी पडली तर शेळी मधीच उठंल, जास्ती झाली तर उठणारच न्हाई. बराबर किती, हे पोरीला सहा शेळ्यांवर शोधायचंय. (तुझे दाजी चाळीस वर्षं बिनवाफेचे झोपले, त्यांचा कागद कुणी लिहिला न्हाई.)

पाच पार पडल्या. सहावी तुझी. नेम असा, की आदल्या दिवसापास्नं चारा बंद. पोट भरलेलं असलं की झोपेत चारा वर येतो, छातीत उतरतो, आन् जनावर जातं. हे मला तीनदा सांगितलं, कारण शेळ्यांपाशी दिवसभर मीच बसते. मंगळवारी चांदी आडवी केली, आन् तोंडातून हिरवा घास भळाभळा बाहेर! मी दाराच्या काचेतून बघत व्हते. पोरगी घाबरली न्हाई. जल्दी नळी आत सारली, नळीचा फुगा फुगवून वाट बंद केली, मुंडकं खाली सोडलं. मशीननं श्वास दिला, चांदी वाचली. पण तिला शिकवणारे सर सगळ्यांसमोर तिला बोलले, एक शेळी उपाशी ठेवता येत न्हाई तर डॉक्टरकी कशाला? आता पंधरा दिवसांनी, गुरुवारी, परत. पुन्हा असं झालं तर काम बंद, पोरीची दोन वर्षं गेली. मी बबलू राखणदाराला असं झापलं, की तो तीन दिवस सुट्टीवर गेलाय.

तुझी अक्का,
गिरिजाबाई

ता.क. बबलूनं काही केलं न्हाई. दीड भाकरी आन् तुरीचा पाला माझ्याच हातचा. उपाशी जीव समोर बसवून मला घास गिळवत न्हाई. काल सरांना सोता जाऊन सांगितलं. पोरीचं नाव मोकळं झालं, माझं अडकलं. बबलूच्या घरी कालवण पोचवलंय, माफी मागितलेली न्हाई.

आणखी ता.क. सर म्हणले, आजी, त्या दिवशी तुम्ही आवारात नको. राजनंदिनी म्हणली, जालन्यातच नको. मलाबी माझ्या हाताचा बिलकुल भरवसा न्हाई. म्हणून त्याच्या आदल्या दिवशी, चारा बंद व्हायच्या बुधवारी, पहिल्या गाडीनं ये आन् मला तुझ्याकडं पिंपळगाव रेणुकाईला घेऊन जा. मी शिव्या दिल्या तरी एकटा परत जायचं न्हाई. आन् या पत्राचं उत्तर तू सोता लिही. सगुणाच्या हाती पेन देऊ नको, तिला काही लई सुरेख लिहिता येत न्हाई.