वाचलं की वाटलं

१४ सप्टेंबर, रविवार. कापेल आन डेन आयसेल, नेदरलँड्स.

आई, फार वर्षं तुला काही लिहिलं नाही, माफ कर. तू गेल्यावर पहिलं वर्षभर दर रविवारी लिहायचो, मग महिन्यातून एकदा, मग वहीच कपाटात गेली. कारणं शोधली तर सापडतील, पण खरं एवढंच की दमतो. सुट्टीवरून परत येऊन तीन आठवडे झाले आणि एक बॅग अजून जिन्याखाली तशीच पडली आहे. आज दुपारी ती उघडली ती कपड्यांसाठी नाही, तुझ्या भिंगासाठी.

आम्ही तंजावरला जाऊन आलो, मी आणि लेक. तुझ्यासाठी गेलो असं म्हणायला आवडलं असतं, पण पुण्यात नातेवाइकांकडे फिरून ती कंटाळली होती आणि मलाही कुठेतरी पळायचं होतं. देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा मराठी लेख कोरलेला आहे, हे तू पोळ्या लाटताना कितीदा तरी सांगितलं होतंस. "एकदा त्यावरून बोट फिरवायचंय," म्हणायचीस. दप्तरखान्यात तीस वर्षं मोडी कागदांच्या बाळबोध नकला केल्यास, पण तिथे जायचं तुझं राहूनच गेलं. मी मात्र टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन, चपला बाहेर ठेवून इतर पर्यटकांसारखा आत शिरलो. फरशी इतकी तापलेली की लेक काथ्याच्या पट्टीवरून उड्या मारत चालली होती आणि माझं अर्धं लक्ष हॉटेलच्या पंख्याकडे होतं.

आमचं बोलणं ऐकून गाइड थांबला. "मराठी, सर? देन दिस ईज युवर वॉल. यू रीड, आय ऑल्सो लिसन." आणि हात बांधून खरंच उभा राहिला. अक्षरं आपलीच आहेत, आई, अगदी आपलीच. पण शब्दांमध्ये जागा नाही, ओळ संपते कुठे कळत नाही. एक 'राजे' लागला, एक 'पुत्र' लागला, पुढे सगळा दगड. लेक माझ्याकडे बघत होती. "बाबा, व्हॉट डज इट से?" मग म्हणाली, "दिस ईज व्हॉट आजी डिड, तॉख?" तॉख म्हणजे डचमधलं 'हो ना'. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तुझ्याबद्दल तिला जे ठाऊक आहे ते माझ्याकडून, आणि त्यातलं मुख्य हे की आजी कुणालाही न लागणारं वाचायची.

मी बोट ठेवलं आणि म्हणालो, "इथे लिहिलंय, आम्ही घरापासून फार दूर आलो, पण आमची भाषा मुलांच्या हाती दिली." गाइडने मान डोलावली. लेकीने ते वाक्य मराठीत पुटपुटलं, दोनदा, तीनदा. एरवी मी मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत किंवा डचमध्ये उत्तर द्यावं, असं आमच्या घरी चालतं. आपणहून पाठ केलेलं तिचं हे पहिलं मराठी वाक्य. वाक्य भिंतीचं नव्हतंच. लेक मराठी बोलत नाही ही माझी जुनी तक्रार, ती मी उलटी करून दगडाच्या तोंडी घातली.

मंगळवारी तिची स्प्रेकबर्ट आहे, म्हणजे वर्गापुढे उभं राहून करायचं भाषण. विषय तंजावर. जेवणाच्या टेबलावर तिचा मोठा पुठ्ठा पसरलेला आहे. मध्ये भिंतीचा फोटो, खाली अवतरणचिन्हांत माझं वाक्य डचमध्ये, आणि त्याखाली डचमध्येच: 'हे माझ्या बाबांनी वाचलं. त्यांना माझ्या आजीने शिकवलं.' ती मैत्रिणीकडे गेल्यावर त्या फोटोवर तुझं भिंग धरून बसलो. ग्रोनिंगनला शिकायला निघालो तेव्हा तू रुमालात गुंडाळून दिलं होतंस ते. छापील फोटोवर भिंग धरलं की अक्षरं मोठी होत नाहीत, नुसते शाईचे ठिपके होतात. मग मोबाइलवर मूळ फोटो मोठा केला आणि दीड तासात अकरा शब्द लावले. कुणाचा मुलगा कोण, एवढंच. घर नाही, भाषा नाही.

तुझा ओटा आठवतो आहे. पोळ्या झाल्या की ओटा पुसून तू त्यावरच झेरॉक्स पसरतेस, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढतेस. मी कॉलेजात आहे, मे महिन्याची सुट्टी आहे, तुझे डोळे दुखतात म्हणून नक्कल मी करतो आहे. कसरीने खाल्लेल्या एका जागी मी 'गहू' असं लिहून टाकलं. तू पान उजेडाकडे धरलंस.

"हे वाचलंस की वाटलं?"

"वाटलं. पण मागे-पुढे धान्याचंच आहे."

"मग टिंब दे. जितकी अक्षरं गेली तितकी टिंबं. वाटलेलं लिहायला लोक कादंबऱ्या लिहितात, आपण नाही."

तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. आता पुठ्ठ्यासमोर बसून वाटतं, सांगितलं तर ती भाषण बदलेल, पण ते वाक्य टाकून देईल, आणि त्याबरोबर पुढचं मराठीही. नाही सांगितलं तर पंचवीस मुलांपुढे ती तुझ्या नावावर खोटं बोलेल, आणि तिला ते कळणारही नाही. मघाशी दारातून आत येताना ती तेच वाक्य गुणगुणत होती. मी विचारलं, "भूक लागली?" "नाही बाबा," म्हणाली. मराठीत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. त्या सुट्टीत 'गहू' तुला सापडला. पुढच्या एका पानावर मी 'कन्या' असंही भरलं होतं, ते तुला दिसलं नाही. ती नक्कल तशीच दप्तरात लागली, तुझ्या सहीची.

उद्या: ती शाळेतून आली की पेन्सिल आणि भिंग घेऊन शेजारी बसायचं, अकरा शब्द, बाकी टिंबं.