नाचाच्या बुटांविषयी केरूमामांस

सातपूर, ता. ५ डिसेंबर १९८३

ती. केरूमामा यांस भिकनचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सर्व ठीक. तुमचा गुडघा आणि सुलामामींचा खोकला कसा आहे ते कळवावे. ‘कॉलेजात परत जात नाहीस तोवर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस,’ असं तुम्ही दिवाळीत म्हणालात, म्हणून पाऊल न ठेवता पोस्टानं येत आहे.

मामा, तुमच्या ओझरच्या विमान कारखान्याच्या कॉलनीत रशियन इंजिनियरांच्या बायकांपैकी गालीनाबाई दर रविवारी बॅले नावाचा नाच शिकवतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. त्या क्लासात मी दोन महिने जातो आहे, हे नसेल. (बसून वाचावे.) कारण लपवत नाही. तुमच्या मागच्या लायनीतल्या फोरमनची मुलगी वत्सला तिथं शिकते. तिच्यासाठी प्राण द्यायचा असं मी ठरवलं होतं. पण बाईंनी आधी बूट आणायला सांगितले.

हे बूट नाशकात मिळत नाहीत, मुंबईला माप कळवावं लागतं. आई म्हणाली, “दोन नंबर मोठेच मागव, पायाला वाढायला जागा नको?” मी वीस वर्षांचा आहे, पण आपल्या घरात कुणी कधी मापाचा जोडा घेतलाय? (तुमच्या लग्नातले बूट अजून तुम्हांला मोठेच होतात.) आले ते पुढं कापूस कोंबून घातले. पहिल्याच रविवारी पाय झोकात वर नेला आणि डावा बूट सुटून थेट टेपरेकॉर्डरवर आदळला. संगीत थांबलं. वत्सला म्हणाली, “अहो, दुसरापण फेका, जोडी होईल!” बाईंनी माझं पाऊल हातात धरून सगळ्यांना दाखवलं: बूट मोज्यासारखा बसावा, बोटं सरळ राहावीत, दुमडू नयेत, टाचेशी चिमटीत कापड येऊ नये. वर मला म्हणाल्या, “बडा जूता, बडा आदमी? नहीं!” शेवटी आईनंच ते उसवून माझ्या पायावर बेतून शिवले, वर इलॅस्टिकची पट्टी लावली.

अंगाच्या लवचिकपणाचंही असंच. बाईंचं म्हणणं, आधी अंग तापवा, मग हळूहळू ताणा, झटका देऊ नका, रोज करा. माझा स्वभाव तुम्हांला माहीत आहे. दोन्ही पाय दोन दिशांना पसरून जमिनीला टेकायचेच, असं मी एका संध्याकाळी ठरवलं आणि मध्येच अडकलो. तेवढ्यात वडील कारखान्यातली पाळी संपवून आले. त्यांनी डबा खाली ठेवला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “हेपण अर्ध्यावरच का?” मामा, वर्गातून प्राध्यापकांनी बाहेर काढलं आणि मी कॉलेज सोडलं, तेव्हा लागलं नव्हतं एवढं ते लागलं. चार दिवस लंगडलो. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी खिडकीचा गज धरून बाईंनी सांगितलं तसंच करतो आहे, एकही दिवस चुकलेला नाही. आता गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात. (आईनं शेजारच्या धोंडाबाईंना बोलावून दाखवलं.)

येत्या रविवारी बाई परीक्षा घेणार आहेत. जो येणार नाही त्याचं नाव कमी होणार. आणि मी कॉलनीच्या गेटातून आत जाऊ शकत नाही. मागच्या रविवारी बाहेर पडताना वॉचमननं मला असं काही विचारलं, की मी त्याच्यासमोर माझा पास फाडून टाकला. स्वाभिमानी माणसानं दुसरं काय करायचं?

मामींना जयभीम. गुडघ्याला तेल लावत जावे.

आपला भाचा,
भिकन

ता. क. : पास कॉलनीतल्या नोकरदाराच्या सहीनंच मिळतो. जुन्या पासावरही तुमचीच सही होती. ती मी केली होती. यावेळी ती तुम्ही स्वतः करावी, ही विनंती. शनिवारपर्यंत गेटवर ठेवलात तरी चालेल.

ता. क. दुसरा : वत्सलाचं लग्न ठरलं. मागच्या रविवारी तिनं पेढे वाटले आणि क्लास सोडला. मला दोन दिले. वॉचमननं खरं तर दर रविवारसारखं “झालं का?” एवढंच विचारलं होतं. पास फाडल्यावर बस येईपर्यंत मी गेटबाहेर कठडा धरून पाय ताणत उभा होतो. मामा, पास सहा महिन्यांचा घ्या.